सेट मुलाचा, पाठ तुमची

पत्र : मी ४७ वर्षांची, डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी करते. उंची जेमतेम पाच फूट एक इंच. मुलासाठी आम्ही पाच नगांचा ड्रम सेट घेतला होता. तो आता नोकरीसाठी बेंगळुरूला असतो. सेट नुसता पडून होता, म्हणून गेल्या वर्षी मीच दर शनिवारी क्लासला जायला लागले आणि मला त्याची गोडीच लागली. घरी रबरी पॅड टाकून रोज अर्धा तास वाजवते. पण वीस मिनिटं झाली की कंबर धरते, उजव्या पायाची नडगी भरून येते, राइड म्हणजे उजवीकडची मोठी झांज वाजवताना उजवा खांदा दुखतो आणि डाव्या हाताची काठी सारखी समोरच्या स्नेअर ड्रमच्या रिमला, म्हणजे कडेच्या कड्याला, अडकते. क्लासमधले सर म्हणतात, सवय होईल. मुलगा सहा फुटी. सेट त्याने लावला तसाच आहे, तो हलवायला माझं मन धजत नाही. या वयात हे सोडून द्यावं का? की लहान सेट घ्यावा? – एक उशिरा शिकणारी

ताई, नमस्कार.

सोडायचं नाही, आणि नवा सेटही घ्यायचा नाही. तुमच्या चारही तक्रारी वाचल्यावर मला वयाचा प्रश्न कुठेच दिसला नाही. सहा फुटी माणसाच्या मापाने लावलेल्या सेटवर तुम्ही रोज अर्धा तास बसता, एवढंच दिसलं. त्या सेटवर तुमच्या उंचीची वीस वर्षांची मुलगी बसवली तरी तिचीही कंबर धरेल.

‘सवय होईल’ हे अर्धंच खरं आहे. नव्याने वाजवणाऱ्याची मनगटं थकतात, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जड वाटतात, त्याची सवय होते. पण रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी कळ येते, तिची सवय होत नाही. ती चुकवायला शरीर वाकडं बसायला शिकतं, आणि ती वाकडी बैठक पुढे मोडायला फार त्रास पडतो. तबलजी बैठक मारली की आधी चुंबळ सरकवतो, डग्गा जवळ ओढतो, तबला मनासारखा कलता करतो, मगच वाजवायला हात घालतो. ड्रम सेटला तर जागोजागी खटके आणि स्क्रू दिलेत ते याच कामासाठी. बहुतेक घरांत ते दुकानदाराच्या माणसाने एकदा आवळले की पुन्हा कुणी सैल करत नाही.

आधी मुलाच्या मांडणीचं बघू, कारण ती हलवायला तुमचं मन घेत नाही आणि ते मला समजतं. ती पुसायची नाही, नोंदवून ठेवायची. वायरिंगवाले वापरतात ती रंगीत चिकटपट्टी आणा, लाल आणि पिवळी. लाल मुलाची. सेट ज्या कार्पेटवर आहे त्यावर प्रत्येक स्टँडच्या प्रत्येक पायाभोवती लाल पट्टीचा छोटा कोन चिकटवा. किकच्या, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या, पुढच्या दोन टेकूंच्या टोकांशी आणि पेडलच्या मागच्या कडेलाही एकेक खूण. स्टँडचा आतला पाइप बाहेरच्या पाइपमधून जिथे वर येतो, नेमक्या तिथे पाइपभोवती एक वेढा. किकवर बसवलेल्या लहान ड्रमच्या, म्हणजे टॉमच्या, दांड्यांवर तसाच. मग समोरून, दोन्ही बाजूंनी आणि स्टुलावर बसून दिसतात तसे फोटो काढा. दौऱ्यावरच्या मोठ्या बँडचे सेट लावणारे लोक हेच करतात. खुणा केलेलं कार्पेट गुंडाळून गावोगाव जातं आणि सेट दर ठिकाणी तसाच उभा राहतो. मुलगा घरी आला की लाल खुणांवर सगळं परत नेता येईल. तुमच्या खुणा पिवळ्या.

आता सगळं बाजूला करा. अगदी सगळं. कार्पेटवर फक्त स्टूल ठेवा.

स्टुलाबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण कंबरेचं दुखणं बहुतेक इथेच असतं. तुमच्या मुलाने स्टूल उंच ठेवलं असणार. त्याची मांडी तिथे बरोबर उतरती राहते, तुमचे मात्र पायांचे चवडेच टेकतात. मग माणूस पुढे सरकून गादीच्या कडेवर बसतो, वजन पायांवर येतं, आणि ज्या पायांनी पेडल मारायचं तेच तोल सांभाळायला अडकतात. उलट टोकाला, स्टूल फार खाली असलं की गुडघे कंबरेच्या वर जातात, माकडहाड मागे गडगडतं आणि पाठीचा खालचा भाग गोल होतो. या दोन्हींच्या मधली जागा तुम्हाला शोधायची आहे. पूर्ण गादीवर बसा, तळवे सपाट टेकवा. मांडी कंबरेकडून गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. तुमच्या उंचीला १८ ते १९ इंचांपासून सुरुवात करा. गादी बसल्यावर दबते, म्हणून माप तुम्ही बसलेल्या असताना घरच्या कुणाला तरी घ्यायला सांगा. मग दोन्ही पाय बोटभर वर उचला. तोल मागे गेला किंवा हात मांडीवर टेकवावेसे वाटले, तर तुम्ही अजून पायांवरच बसलेल्या आहात. पाय उचलून आरामात बसता येईपर्यंत स्टूल अर्धा-अर्धा इंच वरखाली करत राहा.

सेटबरोबर फुकट येणारं स्टूल बहुधा हलकं असतं. लहान गोल गादी, आत पातळ स्पंज आणि उंचीसाठी दांड्याला भोकं व एक खिळा. भोकं दूर असली तर तुमची उंची नेमकी दोन भोकांच्या मध्ये येते आणि तिथे थांबता येत नाही. तुमच्याकडचं स्टूल असं असेल, तर जे पैसे लहान सेटवर घालवणार होता त्यातले थोडे चांगल्या स्टुलावर घाला. आटे फिरवून उंची बदलणारं, रुंद आणि घट्ट गादीचं घ्या. या सगळ्या सांगण्यात विकत घ्यायला लावणारी मोठी वस्तू ही एकच. जेवणाच्या टेबलाची खुर्ची किंवा प्लास्टिकचं स्टूल मात्र अजिबात नको.

बैठक ठरली की डोळे मिटा, पाय थोडे पुढे सोडा आणि जिथे आपोआप पडतील तिथे राहू द्या. ते समांतर पडणार नाहीत, थोडे फाकलेले पडतील. उजवा पाय जिथे पडला तिथे किकचं पेडल, डावा जिथे पडला तिथे हाय-हॅटचं, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचं. मांडी, नडगी आणि पेडलची पाटी एका रेषेत यायला हवी. म्हणजे किक तुमच्या नाकासमोर सरळ न राहता जराशी उजवीकडे वळेल. बघणाऱ्याला सरळ किक छान दिसते, म्हणून बरेच जण ती सरळ लावतात आणि स्वतः कंबरेतून पिळून बसतात. तुमच्या खोलीत प्रेक्षक नाहीत, किक खुशाल वळू द्या. घोटा गुडघ्याच्या सरळ खाली किंवा त्याच्या थोडा पुढे असावा. तो मागे आला तर सेट फार जवळ आहे, पाय लांबवावा लागला तर दूर.

नडगीचं दुखणं मात्र पेडलमध्ये आहे असा माझा अंदाज आहे. पाय पेडलवर नुसता ठेवा, दाबू नका. बीटर, म्हणजे किकवर आपटणारा दांडा, कुठे थांबतो ते बघा. तो जाऊन किकच्या हेडला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, चिकटून बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्या पायाचं वजन पेलत नाही. मग प्रत्येक ठोक्यानंतर पंजा तुम्हाला स्वतः उचलावा लागतो, आणि टाच टेकवून वाजवताना ते काम नडगीच्या पुढच्या स्नायूचं असतं. स्प्रिंगखालचा नट दोन-तीन वेढे आवळा. बीटर मधेच तरंगला पाहिजे. याउलट पेडल दाबायला ढकलावं लागतंय असं वाटत असेल तर स्प्रिंग सैल करा. बीटर फार मागे झुकलेला असला तर पायाला उगाच लांबचा प्रवास पडतो. बहुतेक पेडलांवर हा कोन वेगळा बदलता येतो, साधारण ४५ अंशांपासून सुरुवात करा. टाच उचलून वाजवायची की टेकवून, हे तुमच्या सरांबरोबर ठरवा. सध्या नडगी शांत होईपर्यंत दोन्ही आलटून पालटून चालेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारतोच. किक सरकते का? आपल्याकडे फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, त्यावर सतरंजी किंवा पातळ कार्पेट. प्रत्येक ठोक्याला किक सुतभर पुढे जाते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण पाय तिच्या मागे जातो, पायामागे कंबर जाते, आणि वीस मिनिटांनी तुम्ही स्टुलाच्या कडेवर आलेल्या असता. कंबर नेमकी वीस मिनिटांनी धरते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही शंका आली. पिवळी खूण केल्यावर अर्धा तास वाजवा आणि टेकू खुणेवरच आहेत का ते बघा. हलले असतील तर खाली रबराच्या पाठीचं जाड कार्पेट हवं, आणि स्टूलही त्याच कार्पेटवर हवं, म्हणजे तुमच्या वजनाने ते धरून राहील. दोन्ही टेकू सारखेच बाहेर काढून पुढे झुकवा. बहुतेक टेकूंच्या रबरी टोपणात टोकदार खिळा असतो, तो फिरवून बाहेर काढला की कार्पेटमध्ये रुततो. किकची पुढची कड जमिनीपासून जेमतेम इंचभर उचललेली आणि पेडल मात्र जमिनीला सपाट टेकलेलं असावं.

मग स्नेअर. दोन गुडघ्यांच्या मध्ये, मांड्यांना न खेटता. खांदे सोडून द्या, कोपरं बरगड्यांजवळ सैल लोंबू द्या आणि काठ्यांची टोकं स्नेअरच्या मध्यावर ठेवा. रिम मांडीच्या वर दोन-तीन इंच असली की हात मांडीवर आपटत नाही आणि खांदाही वर चढत नाही. तुमची डावी काठी रिमला अडकते, कारण स्नेअर तुमच्यासाठी उंच आहे आणि मनगट रिमच्या खालून येतं. स्टूल खाली घेतल्यावर स्नेअर आणखीच उंच वाटेल, त्यामुळे ती नक्की खाली आणावी लागेल. पृष्ठभाग सपाट ठेवा, किंवा अगदी थोडा स्वतःकडे कलता. आणि रबरी पॅड टाकूनच मापं घ्या, कारण पॅडच्या जाडीएवढी उंची वाढते आणि तुम्ही रोज त्यावरच वाजवता.

हाय-हॅट स्नेअरपेक्षा वीतभर किंवा त्याहून जरा कमी उंच. उजवा हात डाव्याच्या वरून जातो, डाव्या काठीला खाली उचलायला जागा राहील एवढीच उंची लागते. त्याहून जास्त ठेवली की उजवा खांदा सतत टांगलेला राहतो. दोन झांजांमध्ये इंचभर फट पुरे. या सगळ्या सेटचा इतिहास मला फार आवडतो. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी जलद चालणारं पेडल विकायला आणलं आणि बेस ड्रम, म्हणजे आपली किक, हाताकडून पायाकडे गेला. पायाने वाजणारी झांजांची जोडी १९२०च्या दशकात घोट्याच्या उंचीवर असायची. पुढे तिची नळी लांब केली, तेव्हा ती काठीच्या टप्प्यात आली आणि आजचा हाय-हॅट तयार झाला. हा सगळा सेट वाजवणाऱ्याच्या हातापायांकडे सरकत सरकतच घडलाय.

आता खांदा. पाच नगांच्या सेटमध्ये किक बहुधा २२ इंची असते आणि तिच्या डोक्यावर दोन टॉम. तुमच्या उंचीला इथे खरी अडचण येते. टॉम कितीही खाली आणला तरी तो किकला टेकतो, त्याच्या खाली जाऊ शकत नाही. आणि दोन टॉमनी समोरची सगळी जागा घेतली की राइड बिचारी उजवीकडे लांब जाते. हात पूर्ण ताणून एका जागी धरून वाजवायचं, तेही मिनिटन् मिनिटं. खांदा दुखणारच.

माझा सल्ला साधा आहे. उजवीकडचा टॉम दांड्यासकट काढून कपाटात ठेवा. राहिलेला टॉम थोडा डावीकडे, स्नेअरच्या जवळ आणा. रिकाम्या जागेत राइडचं स्टँड आत ओढा, इतकं की कोपर बरगडीजवळ ठेवून काठीचं टोक राइडच्या मधल्या भागावर पडेल. झालं. क्लासमधले धडे एका टॉमवर सहज वाजतात, दुसऱ्या टॉमचा ठोका फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमवर, घ्यायचा. बीटल्सचा रिंगो स्टार बरीच वर्षं वर एक आणि खाली एक टॉम एवढ्यावरच वाजवायचा, शिवाय तो डावखुरा असून उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवतो. रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचा सेटही चारच नगांचा होता. चार नगांचा सेट ही अडजोड नव्हे, मला तर तो जास्त आवडतो.

टॉम स्वतःकडे फार कलता करू नका. काठी हेडवर आडवी पडायला हवी, टोक खुपसलं जायला नको. फ्लोअर टॉम साधारण स्नेअरच्या उंचीला. क्रॅश झांज असेल तर बसल्या जागी खांदा न उचलता पोहोचेल तिथे, थोडी कलती, म्हणजे काठी तिच्या धारेवर काटकोनात बसणार नाही. वरचा विंग नट कधी पूर्ण आवळायचा नाही. झांज डोलली पाहिजे, नाहीतर तडकते. काठी साधारण १६ इंचांची असते. कोपरापासून पुढचा हात आणि ती काठी मिळून जेवढं वर्तुळ होतं, त्याच्या आत तुमचा सगळा सेट मावला पाहिजे.

उंचीचा संकोच मनात असेल तर त्रिलोक गुर्टूंना वाजवताना जरूर बघा. ठुमरी गायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव, जन्म मुंबईचा, हात तबल्यावर घडलेला. त्यांनी स्टूलच बाजूला ठेवलं. जमिनीलगत गुडघ्यावर बसून वाजवता येईल असा सेट स्वतःभोवती रचला, नेहमीच्या पेडलच्या किकशिवाय, आणि त्यावर जगभर मैफली केल्या. त्यांच्यापुढे आपलं स्नेअर दोन इंच खाली घेणं काहीच नाही.

हे सगळं एका रविवारी करा, पण त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन दिवस वाजवून बघा. काय बदलल्याने बरं वाटलं ते तरच कळेल. तपासायला दोन खात्रीचे साक्षीदार आहेत. एक मोबाइल. तो बाजूला उभा करून दहा मिनिटं संथ ठेका रेकॉर्ड करा, मग शेवटची दोन मिनिटं बघा. सुरुवातीची नको, तेव्हा सगळेच नीट बसतात. हनुवटी पुढे गेली का, खांदे कानांकडे चढले का, स्टुलावर पुढे सरकलात का. दुसरा साक्षीदार स्नेअरचं पांढरं हेड. सुटीच्या दिवशी दुपारी पॅड काढून थोडा वेळ वाजवा आणि काठ्यांचे राखाडी डाग बघा. हेड नवीन नसेल तर आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, मुलाच्या आणि तुमच्या खुणा मिसळायला नकोत. डागांचा पुंजका मध्यावर मुठीएवढा पडला तर स्नेअर जागेवर आहे. तो तुमच्याकडच्या कडेला पडत असेल तर हात आखडताय, स्नेअर जवळ ओढा. पलीकडच्या कडेला गेला तर ती फार जवळ आहे. डावे डाग वेगळे आणि उजवे वेगळे पडत असतील तर स्नेअर दोन गुडघ्यांच्या मध्यावर नाही. किकच्या हेडवरही बीटरचा गोल डाग असतो. तो मध्यापासून बाजूला असेल तर पेडल रिंगणाला तिरकं अडकलंय.

एक गंभीर गोष्ट. बोटांना मुंग्या येणं, कंबरेची कळ पायात खाली उतरणं, वाजवणं थांबवल्यावरही रात्री दुखत राहणं, यांतलं काही असेल तर स्क्रू फिरवत बसू नका, अस्थिरोग तज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. तसं काही नसेल तर नवी मांडणी लागल्यावर दोन-चार आठवड्यांत फरक जाणवायला हवा. तोवर अर्ध्या तासाचे दोन तुकडे करा आणि मधे उठून चार पावलं चाला.

राहिला क्लास. तिथला सेट दिवसभर दहा जण वाजवणार, तो तुमच्यासाठी लावलेला असणं शक्य नाही. म्हणून घरची तीन मापं फोनमध्ये लिहून ठेवा, जमिनीपासून स्टुलाची, स्नेअरच्या रिमची आणि हाय-हॅटची उंची. पर्समध्ये शिवणकामाची टेप आणि एक ड्रम की, म्हणजे सेटचे स्क्रू फिरवायची किल्ली, ठेवा. पाच मिनिटं आधी जा आणि बसण्याआधी या तीन गोष्टी आपल्या मापाला आणा, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. सरांना आधी सांगा, ‘सर, मी स्टूल आणि स्नेअर खाली घेते, जाताना परत करते.’ ते नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर मला कळवा, तुमच्या भागात दुसरा क्लास शोधायला मी मदत करेन.